नखाएवढा रंग

नखांना लावावयाचा रंग हा काय लेखाचा विषय झाला, असे आमच्या घरातील पुरुषमंडळींनी मी हा मजकूर लिहावयास बसण्यापूर्वीच म्हणून टाकले आहे. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. आपल्या भाषेत नखाला मान असा थोडाच. एखाद्याला तुच्छ ठरवावयाचे झाले, की 'त्याला अमक्याच्या नखाचीही सर नाही' असे आपण म्हणतो. म्हणजे देहात सर्वांत कमी मोलाचे ते नखच. ते कापले तर दुखत नाही, वाढले तर कोणी कौतुक करीत नाही, आणि तिन्हीसांजेला कापावयास घेतले तर मात्र वडीलधाऱ्यांची बोलणी खावी लागतात. परंतु 'नखशिखांत' हा शब्द पाहा. देवतेच्या रूपाचे वर्णन करावयास निघालेला जुना कवी मोजणीला सुरुवात करतो ती नखापासूनच. तेव्हा मीही तेथूनच सुरुवात केली, तर वाचकभगिनी मला क्षमा करतील अशी आशा आहे.

आमचे घर औरंगपुऱ्यातील एका जुन्या गल्लीत आहे. घर एकत्र, सासूबाई, चुलत सासूबाई, आम्ही तिघी जावा आणि मुली मिळून आठ बायका. चैत्र शुद्ध तृतीयेला आमच्याकडे गौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय्य तृतीयेला तिची बोळवण होते. मधल्या महिनाभरात एखादा सोयीचा शुक्रवार पाहून हळदीकुंकू करावयाचे. त्या दिवसाची तयारी आठ दिवस आधी सुरू होते. कैऱ्या आणावयाच्या, ओटीसाठी हरभरे भिजवावयाचे, वाटल्या डाळीसाठी डाळ निवडावयाची, पन्ह्यासाठी गूळ चिरून ठेवावयाचा. ह्या सर्व यादीच्या शेवटी, कोणीतरी घाईघाईने लिहिल्यासारखा, एक शब्द असतो: नेलपॉलिश. आठ बायका, म्हणजे हातापायांची मिळून १६० नखे. आणि प्रत्येकीची आवड निराळी. हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही.

खरेदीला आम्ही गुलमंडीवर जातो. शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले, परंतु चैत्रातील गुलमंडीचे रूप काही पालटलेले नाही. तीच बांगड्यांची चमक, तीच गर्दी, तेच ऊन. दुकानात काचेच्या पेटीत त्या चिमुकल्या बाटल्या ओळीने उभ्या असतात. त्यांच्यावर इंग्रजी नावे असतात, किंवा नुसते आकडे. आमच्या घरी मात्र त्यांचे नामकरण पुन्हा होते. डाळिंबी, अबोली, गुलबक्षी, आमसुली, वांगी, मोतिया ही आपली घरची नावे लागली, की तो रंग ओळखीचा वाटू लागतो. हे नामकरण आमच्या चुलत सासूबाई करतात. त्यांना सारे घर काकूच म्हणते. कातडीशी मिळत्या फिकट रंगाला हल्ली दुकानदार 'न्यूड' म्हणतात. काकूंनी त्याचा अर्थ विचारून घेतला आणि म्हणाल्या, "छे, असले कसले नाव! भिजवलेल्या कणकेचा रंग म्हणा." तेव्हापासून तो आमच्याकडे कणकी रंग.

इतक्या वर्षांच्या खरेदीतून मी जे चार धडे शिकले ते येथे सांगून टाकते. पहिला असा, की दुकानातील दिव्याखाली रंग कधी पसंत करू नये. बाटली उचलून दाराशी उन्हात न्यावी, अंगठ्याच्या नखावर एक हात द्यावा, तो वाळला की दुसरा द्यावा, आणि मग पाहावे. बाटलीत दिसणारा रंग नखावर पुष्कळदा निराळाच उतरतो. दुसरा असा, की वयपरत्वे नखांवर उभ्या रेघा येतात. चमचमणारा रंग त्या रेघा उठवून दाखवितो, साधा दाट रंग त्या झाकतो. म्हणून सासूबाईंना चमकी आवडत असली तरी शोभत नाही, आणि हे त्यांना सांगण्याचे धैर्य अजून कोणाला झालेले नाही. तिसरा, गडद रंगाच्या खाली बिनरंगाचा एक थर द्यावा, म्हणजे नख पिवळे पडत नाही. आणि चौथा, रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी जावयाचे असेल तर रंग काढूनच जावे. रक्तातील प्राणवायू मोजण्याचे जे चिमट्यासारखे यंत्र बोटाला लावतात, ते नखातून प्रकाश पाठवीत असते. काळ्या-निळ्या रंगाने त्याला अडथळा होऊ शकतो.

आता वसंताचा रंग कोणता? कारखानदार ऋतुगणिक नवे रंग बाजारात आणतात, आणि वसंताचे म्हणून जे आणतात ते बहुधा फिकट असतात: पुसट गुलाबी, पुसट जांभळा, पुसट आकाशी. ते ज्या देशांतून आले तेथे ते खरेच आहेत. तेथे हिमाखालून जमीन मोकळी होते, झाडांना नाजूक फिकट मोहोर येतो, आणि कोवळे ऊन माणसाला हवेहवेसे वाटते. आमच्या मराठवाड्यातला वसंत असा लाजत येत नाही. फाल्गुनात पळस पेटतो, पांगाऱ्याला आणि काटेसावरीला पान नसताना लाल फुले येतात, आणि चैत्र संपेपर्यंत दुपारच्या वाऱ्याचा चटका बसू लागतो. ह्या उन्हात आपल्या गव्हाळ-सावळ्या हातांवर तो विलायती वसंत पिठूळ दिसतो. जणू बाई पोळ्या लाटताना उठून आली आहे. आपल्या हातांना आपल्या झाडांचे रंग शोभतात. डाळिंबी घ्यावा, पळसाचा केशरी-तांबडा घ्यावा, जास्वंदी घ्यावा. थोडे धीट वाटले तरी घ्यावा.

ह्या बाटलीचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. तिच्यातील मुख्य पदार्थ म्हणजे नायट्रोसेल्युलोज. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मोटारगाड्यांना लवकर वाळणारा चकचकीत रंग देण्यासाठी जो पदार्थ वापरात आला, तोच हा. तो द्रावकात विरघळलेला असतो. द्रावक उडून गेला की नखावर पातळ पापुद्रा राहतो. ज्याच्या वासाने सासूबाई नाक मुरडतात तो ह्या उडणाऱ्या द्रावकाचा वास. तो पेट घेणारा आहे, म्हणून बाटली उघडून निरांजनाजवळ किंवा गॅसच्या शेगडीजवळ कोणी बसू नये. १९३२ साली अमेरिकेत चार्ल्स रेव्हसन, त्याचा भाऊ आणि चार्ल्स लॅकमन ह्यांनी रेव्हलॉन ही कंपनी काढली. नख झाकून टाकणारे दाट रंग आणि त्यांच्या नाना छटा ही तिची विद्या. आपल्याकडे १९५२ साली टाटांनी लॅक्मे सुरू केली. हे नाव एका फ्रेंच संगीतिकेवरून घेतलेले, आणि त्या संगीतिकेच्या नायिकेचे नाव म्हणजे आपल्या 'लक्ष्मी'चेच फ्रेंच रूप. गौरीच्या हळदीकुंकवाच्या यादीत लक्ष्मी अशी वेषांतर करून येऊन बसली आहे, हे मी सासूबाईंना सांगितले. "नाव लक्ष्मीचे असले म्हणून वास काही चंदनाचा येत नाही," असे त्या म्हणाल्या.

सासूबाईंचा आक्षेप वासापुरता नाही. रंगाचे टवके कणकेत पडतात. शिवाय नखावर पापुद्रा असला म्हणजे हात धुतला तरी तो धुतल्यासारखा होत नाही, असे त्यांचे म्हणणे. एकदा हीच गोष्ट मी पलीकडच्या मोहल्ल्यात राहणाऱ्या एका मुसलमान मैत्रिणीला सांगितली, तेव्हा ती हसू लागली. तिच्या घरीही हाच वाद. नमाजापूर्वी वुजू करावयाचा तर पाणी नखापर्यंत पोचले पाहिजे, आणि हा पापुद्रा ते पोचू देत नाही. म्हणून तिच्या सासूबाई नेलपॉलिशला नाही म्हणतात आणि मेंदीला होय म्हणतात. मेंदीचा रंग नखाच्या आत मुरतो, वर थर होऊन बसत नाही. ईदेच्या आधी मेंदीच्या कोनांनी बाजार भरून जातो, त्यामागे इतकाही विचार आहे हे मला तोवर माहीत नव्हते. एकाच शहरात, दोन मोहल्ल्यांत, दोन सासवा एकाच बाटलीवर निरनिराळ्या शास्त्रांनी रागावलेल्या आहेत, ह्याची आम्हां दोघींना मोठी मौज वाटली.

परंतु त्या दिवशी घरी परत येताना माझ्या मनात एक विचार आला, आणि तो काही केल्या जाईना. आपल्या घरांतील जुना प्रत्येक रंग कोणाच्या ना कोणाच्या नावाने बांधलेला आहे. कुंकू कोणी लावावयाचे, हिरवा चुडा कोणी भरावयाचा, हळद कोणाला लावावयाची, मेंदी कोणत्या सणाला, अळिता कोणाच्या पायाला, ह्या सर्वांचे नियम ठरलेले आहेत, आणि त्या सर्व नियमांच्या मध्यभागी एक पुरुष आहे. तो असेल तर रंग आहे. तो गेला की रंग गेला. ह्या बाटलीला मात्र नियमच नाही. ती आली उशिरा. आमच्या आजेसासूबाईंच्या वेळच्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत तिचे नाव नाही, कारण ती यादी झाली तेव्हा ही वस्तूच नव्हती. तिला मुहूर्त नाही, सासर-माहेर नाही, सौभाग्य नाही आणि वैधव्यही नाही. ज्या गोष्टीला आम्ही आजवर क्षुल्लक म्हणत आलो, ती क्षुल्लक म्हणूनच सुटली आहे.

येथे काकूंविषयी सांगितले पाहिजे. त्यांचे यजमान गेले तेव्हा काकू ३१ वर्षांच्या होत्या. आज त्या ७४ वर्षांच्या आहेत. मधली तीस वर्षे त्यांनी मुलींच्या शाळेत संस्कृत शिकविले. घरातील कित्येकांच्या शिक्षणाचा खर्च त्यांच्या पगारातून झाला, त्यात माझे यजमानही आले. चैत्रांगण काढावे तर काकूंनीच. हळदीकुंकवाच्या दिवशी पहाटे त्या अंगणात बसतात, आणि सूर्य वर येईपर्यंत झोपाळा, गौर, शंख, चक्र, गाय, कासव, कोयरी, तुळशीवृंदावन अशी एकेक आकृती चिमटीतून उतरू लागते. आणि पहिली सवाष्ण दारात आली, की काकू हात धुऊन मागच्या खोलीत जातात. त्यांना कोणी जा म्हणत नाही. कोणी थांबाही म्हणत नाही. इतक्या वर्षांत मी स्वतः म्हटले नाही. आम्ही सुशिक्षित माणसे. १८९३ साली कर्व्यांनी एका विधवेशी विवाह केला हे आम्ही मुलांना अभिमानाने शिकवितो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने पतीच्या मृत्यूनंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे ह्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि इतर गावांनीही तसे करावे असे शासनाने त्याच महिन्यात सुचविले, तेव्हा ती बातमी मीच मोठ्याने वाचून दाखविली होती. काकू तांदूळ निवडीत होत्या. "चांगले झाले," इतकेच त्या म्हणाल्या. मलाही वाटले, चांगले झाले. हेरवाडला झाले.

यंदा यादी करावयास माझी पुतणी बसली होती. वय वर्षे १५. प्रत्येकीचे नाव लिहून पुढे रंग लिहिता लिहिता तिने विचारले, "आणि काकूआजीचा?"

"काकूंना नको असते ते," मी म्हणाले.

"तुम्ही विचारले होते?"

मी विचारले नव्हते. दरवर्षी चैत्रात मी काकूंसाठी काहीतरी आणीत असे: पांढरे हातरुमाल, फिकट लुगडे, राखी रंगाची शाल. त्यांना हेच आवडते असे मी गृहीत धरले होते, आणि त्यांचा मान राखते आहे असे वाटून मला मनातून समाधानही होत असे. पुतणीच्या प्रश्नाने मी ओशाळले. गुलमंडीवर गेल्यावर मी पुष्कळ विचार करून त्यांच्यासाठी एक बाटली घेतली. रंग कोणता, तर कणकी! कोणाच्या डोळ्यांत येणार नाही, सासूबाईंना कळणार नाही, आणि काकूंनाही संकोच वाटणार नाही, असा माझा शहाणपणाचा हिशोब.

काकूंनी बाटली खिडकीशी नेली, चष्मा वर करून पाहिली, आणि माझ्या हातात परत दिली. "अगं, हा तर न लावल्यासारखाच दिसेल. मग लावायचा कशाला?"

मला उत्तर सुचले नाही. त्याच पुढे म्हणाल्या, "परवा हिमायतबागेवरून येताना आंब्याची कोवळी पालवी पाहिली. तांब्यासारखी. मोहोराचे सगळे कौतुक करतात, पण मला बाई ती पालवी आवडते. तसला मिळतो का बघ. नाहीतर असे कर, मीच येते."

आंब्याचे कोवळे पान हिरवे होण्यापूर्वी काही दिवस तांबूस असते. त्या वेळी त्यात तांबड्या द्रव्याचा अंमल असतो, हरितद्रव्य मागाहून भरते. हे मी शाळेत शिकले होते, परंतु वसंत म्हटला की मला फुलेच आठवत. फुले वर्षातून एकदा येतात आणि गळतात. पालवी मात्र जुन्या झाडालाही नवी फुटते, हे मी ध्यानातच घेतले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तापण्यापूर्वी आम्ही दोघी गेलो. दुकानातील तरुण मुलगा अदबीने म्हणाला, "बोला आजी, नातीसाठी पाहायचे का?"

"नाही रे," काकू म्हणाल्या, "मला."

तो क्षणभर थांबला, आणि मग त्याने निमूटपणे सर्व पेटी त्यांच्यापुढे मांडली. काकूंनी एकेक बाटली दाराशी नेऊन उन्हात धरली. एक फार विटकरी, एक फार गुलाबी, एकात चमकी. शाळेच्या सहलींबरोबर त्या अजिंठ्याला पुष्कळदा जाऊन आलेल्या. १७व्या लेण्यात आरशात पाहून शृंगार करणारी राजकन्या आहे. तिच्यापुढे मुलींना उभे करून त्या रंगांचा पाठ देत असत. मातीचे रंग, दगडाचे रंग, काजळीचे रंग. निळा तेवढा लांबून आणलेल्या लाजवर्दाचा. "दीड हजार वर्षे झाली, गेरूचा तांबडा अजून गेलेला नाही," त्या दुकानात उभ्या उभ्या मला सांगू लागल्या, "आणि हा तुझा आठ दिवसांत जाणार. म्हणून तर घाई." अखेर एक बाटली त्यांच्या मनास आली. तांबूस, किंचित मातकट, पण उन्हात धरली की आतून उजळणारी. नाव इंग्रजी होते. काकूंनी ते वाचलेही नाही. "आम्रपल्लवी," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या बटव्यातून पैसे काढून दिले. मी देऊ लागले तर देऊ दिले नाहीत.

हळदीकुंकवाच्या आदल्या संध्याकाळी माडीच्या सज्जात, देवघरापासून लांब, पुतणीने काकूंचा हात मांडीवर घेतला. खडूने आणि रांगोळीने झिजलेली ती आखूड नखे, त्यांवर उभ्या रेघा. पुतणी जीभ दातांत धरून रंगवीत होती. सासूबाई जवळच हरभऱ्यांतील खडे निवडीत बसल्या होत्या. त्यांनी पाहिले होते, बोलल्या नव्हत्या. मग म्हणाल्या, "उद्या चार बायका येणार आहेत."

"हो ना," काकू म्हणाल्या. आणि जणू विषय बदलावा तसे त्यांनी पुतणीला विचारले, "कालिदासाचे मालविकाग्निमित्र तुम्हांला आहे का ग?" नव्हते. तेव्हा वर्गात सांगावी तशी काकूंनी गोष्ट सांगितली. वसंत आलेला, उद्यानातला सोनेरी अशोक मात्र फुलत नाही. अशी समजूत होती, की अळित्याने रंगविलेल्या, नूपुर घातलेल्या स्त्रीच्या पायाचा स्पर्श झाला म्हणजे अशोक फुलतो. तो मान खरा धारिणी राणीचा. परंतु झोपाळ्यावरून पडून राणीचा पाय दुखावलेला. म्हणून तिने तो मान आपल्या दासीला, मालविकेला दिला. बकुलावलिका बसून तिचा पाय रंगविते. मालविका ही खरी विदर्भाची राजकन्या, पण ते तेव्हा कोणालाच ठाऊक नाही. सर्वांच्या लेखी ती एक दासी, कोणाची कोणी नसलेली.

"मग फुलला?" पुतणीने विचारले.

"पाच रात्री सरण्याच्या आत. झाडाने काही विचारले नाही हो, तू राणी का दासी म्हणून." काकूंनी दुसरा हात पुढे केला. सासूबाईंचे सूप थांबले होते. थोड्या वेळाने ते पुन्हा चालू झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकूंनी चैत्रांगण काढले. पांढऱ्या रांगोळीच्या धारेवर ती तांबूस नखे फार शोभत होती. तिसऱ्या प्रहरी पहिली मंडळी आली. काकूंनी हात धुतले आणि सवयीप्रमाणे मागे वळल्या. तोच सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "अगं, चाललीस कुठे? पन्हे कोण देणार? माझ्या पायांना आता तेवढे उठबस होत नाही."

हे अर्धे खरे होते. सासूबाई आजही पहिल्या पंगतीला वाढतात. काकू दारात क्षणभर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बरे, वहिनी." आणि त्यांनी पन्ह्याचे तबक उचलले.

माझ्या उत्साहाला मग सीमा राहिली नाही. मंडळी जराशी पांगल्यावर मी हळदीकुंकवाची कोयरी घेऊन काकूंच्या पुढे गेले. आज सर्वच करून टाकावे, असा माझा आवेश. काकूंनी माझे मनगट हलकेच धरले. "हे राहू दे," त्या म्हणाल्या. "कुंकवाशी माझी एका माणसाची आठवण आहे. ते लावायचे की नाही, ते माझे मी बघेन. तू कणकी बाटली आणलीस तेव्हाही तूच ठरवलेस, आणि आताही तूच ठरवते आहेस." त्या हसत होत्या, पण बोलल्या ते खरे होते. मी कोयरी खाली ठेवली. नाही म्हणावयाचेही आणि लाव म्हणावयाचेही मीच, ही माझी खोड एका दिवसात जाणारी नव्हती.

आलेल्या बायकांपैकी काहींनी पेला घेताना नखांकडे पाहिले आणि मग एकमेकींकडे पाहिले. एकीने पेला घेतला, पण ओठाला लावला नाही. तो भरलेला तसाच राहिला. काकूंनी तो निमूटपणे उचलून नेला. हे मी लपवीत नाही. परंतु गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एक बाई निघताना काकूंजवळ थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "रंग फार सुरेख आहे हो. कोठे घेतलात? आमच्या सासूबाईंना आवडेल."

ह्या बाईंच्या सासूबाई आमच्याकडे कधी आलेल्या नाहीत. त्यांनाही काकूंसारखे कोणी बोलावलेले नाही. काकूंनी दुकानाची खूण सांगितली. मी काही बोलणार, इतक्यात सासूबाई मागून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी त्यांनाच घेऊन या. पन्ह्याला यायला काय लागते?"

नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. म्हातारपणी त्याहून कमी. अक्षय्य तृतीयेला गौरीची बोळवण झाली तेव्हा काकूंच्या नखांवरचा रंग कडेने उडाला होता आणि मुळाशी कोऱ्या नखाची बारीक कोर दिसू लागली होती. बाटली मात्र त्यांच्या टेबलाच्या खणात, चष्म्याच्या घरट्याशेजारी ठेवलेली मी पाहिली. तिच्याशेजारी माझी ती कणकी बाटलीही होती. मी विचारले, "काकू, ही कशाला ठेवलीत?"

"खाली बिनरंगाचा थर द्यावा म्हणतेस ना तू," त्या म्हणाल्या, "त्याला चालेल." आणि त्यांनी पुतणीला हाक मारली.